हमामातलं पावणं

"पत्रिकेत थोरल्या आप्पांचं नाव नसेल, तर माझंही छापू नका," असं लेकीनं, आरतीनं सांगितलं, तेव्हा कुंडलिक आरशासमोर दाढी करत होता. वस्तरा गालावर जागच्या जागी थांबला. नवरीचं नाव नसलेली लग्नपत्रिका कशी दिसेल, याचा त्यानं क्षणभर प्रामाणिकपणे विचार करून पाहिला आणि मग उरलेला गाल उरकला.

आरती नुकतीच शिक्षिका झाली होती. एखादी गोष्ट दोनदा सांगायची नाही, हे तिनं नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकून घेतलं होतं. मुलगा कळंबचा, स्थळ चांगलं, माघातली तिथी धरलेली. मंचरच्या छापखान्यात मजकूर जुळवून तयार होता. फक्त वरची ओळ मोकळी होती. घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव तिथं पडायचं, आणि वडील गेल्यापासून त्या घरात वडीलधारा माणूस म्हणजे भिमाजी, कुंडलिकचा थोरला भाऊ, आरतीचे थोरले आप्पा. भिमाजीचं घर दोन बांधांपलीकडे होतं. तिथली चूल पेटली की धूर कुंडलिकच्या अंगणात येई. धुराशिवाय मात्र गेल्या नऊ-दहा वर्षांत एका घरातून दुसऱ्या घरात काहीही आलं-गेलं नव्हतं, अशी निदान कुंडलिकची समजूत होती.

भांडण जमिनीवरून नव्हतं. जमिनीवरून असतं तर मोजणीदार बोलावून मिटवता आलं असतं. भांडण झालं ते बैलगाड्याच्या शर्यतीत, घाटात. दोघा भावांचा एकच गाडा. दोन बैल थोरल्याचे, दोन धाकट्याचे. निरगुडसरच्या यात्रेत त्यांच्या गाड्याची पाळी आली. कर्णा लावून पुकारणाऱ्यानं, धाकट्याचं नाव आधी का घेतलं ते त्याचं त्यालाच ठाऊक, "कुंडलिकराव आणि..." एवढं म्हटलं आणि वीज गेली. घाटात जमलेल्या साऱ्या पंचक्रोशीनं एकच नाव ऐकलं. भिमाजी तेव्हा जू धरून उभा होता. त्यानं कोणाकडेही न पाहता आपले दोन बैल सोडले आणि कासरा धरून घरची वाट धरली. दोन बैलांचा गाडा काही सुटला नाही. भावाभावांचं मात्र सुटलं.

आता थोरल्याच्या दारात जाऊन "तुमचं नाव छापू का?" असं विचारायचं म्हणजे आधी तिथवर चालत जायचं. ही दोन बांधांची चाल कुंडलिकला जमेना. तो गावचा सरपंच राहून चुकलेला माणूस होता. माणसं त्याच्या ओट्यावर येत. तो कुणाच्या ओट्यावर जात नसे.

या विवंचनेतच तो रविवारच्या बाजाराला जुन्नरला गेला. गोरख, त्याचा मुलगा, सोबत यायला निघाला होता. बायको अंबाबाईनं त्याला काहीतरी काम काढून घरी ठेवून घेतलं. कुंडलिकला त्यात काही विशेष वाटलं नाही. पेठेत नवाबचं दुकान होतं. घुंगुरमाळा, झुली, शिंगांच्या पितळी शेंब्या, बैलाला नटवायचं जे जे म्हणून असतं ते सारं नवाबकडे मिळे. बैलगाडा मोडला तरी दोन्ही भावांनी हे गिऱ्हाईकपण सोडलं नव्हतं. ते निरनिराळ्या बाजारी येत, एवढंच.

"लेकीचं लगीन नि तोंड असं पाडून बसलाय?" नवाब म्हणाला. "कुंडलिकभाऊ, छातीत खरखर वाजती तुमच्या. बाजार उरका नि आपल्या हमामात चला."

"मी घरनं अंघोळ करून निघालोय."

"अंघोळीला कोण बोलवतंय? अंघोळ काय, बादलीत बी होती. इथं माणूस भिजाया येतो."

"त्यात फरक काय?"

"अंघोळीत मळ निघतो. भिजल्यावर बाकीचं निघतं." नवाबनं गल्ल्याला कुलूप लावलं. त्याचं नावच तेवढं नवाबाचं होतं, पण दुकान मध्येच बंद करण्याची त्याची रीत खरोखर नवाबी होती.

हमाम त्याच्या घरामागच्या परसात होता. निजामशाहीतल्या कुणा सरदारासाठी इराणातून आलेल्या कारागिरांनी तो बांधला, असं नवाबच्या आजोळी सांगत. कारागिरांची नावं कुणाला सांगता येत नसत, पण त्यांची अक्कल भिंतीभिंतीत दिसे. बाहेरून पाहणाऱ्याला तीन बुटके घुमट आणि त्यांना चिकटलेली धुराडी, यापलीकडे काही कळत नसे. नवाबच्या आईच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या इथली भट्टी राखली होती. आता ती फक्त थंडीत पेटे. बुधवार बायकांचा. त्या दिवशी दारावर तांबडं लुंगीचं कापड टांगलेलं असे आणि नवाबची बायको बिबिजान उंबऱ्यात खुर्ची टाकून बसे. ते कापड दिसलं की पुरुषानं रस्ता बदलायचा. नवाबही बदलत असे.

दार इतकं खुजं होतं की सरपंचालाही वाकल्याशिवाय शिरता येऊ नये. आत शिरल्यावर बोळ एकदा डावीकडे वळला, पुन्हा उजवीकडे. बाहेरचा वारा त्या वळणांवर अडखळून राही आणि बाहेरची नजरही. मग पहिली खोली, थंड. कडेनं दगडी ओटे आणि भिंतीत लाकडी खुंट्या. नवाबनं कुंडलिकच्या हाती तांबडी चौकड्याची लुंगी दिली.

"कपडे खुंटीला. फेटा बी. नि नाव बी."

"नाव?"

"आत नाव सांगायचं न्हाई नि दुसऱ्याचं इचारायचं न्हाई. ही इथली जुनी रीत हाय. कोण सरदार, कोण शिपाई, समदं खुंटीला. आत गेल्यावर समदे पावणं." नवाब जरा थांबला. "नि दुसरी रीत. आत जो वयानं थोर बसला असंल, त्याच्या खांद्यावर मागून आलेल्यानं तसराळंभर कोमट पाणी वतायचं. त्यो 'सेहत' म्हनतो. मंजी तब्येत खुशाल राहू दे. एकदा सेहत म्हनलं की मंग आत असंपर्यंत त्याला तोंड फिरवता येत न्हाई."

"आणि न्हाई वतलं तर?"

"तर काय न्हाई. पर आजवर असं कोण वागलेलं न्हाई बुवा," नवाब निरागसपणे म्हणाला. त्याचा हा निरागसपणा बैलबाजारात प्रसिद्ध होता.

दुसरी खोली कोमट होती. इथं माणसानं थोडं थांबायचं, उबेची सवय करून घ्यायची आणि मगच पुढं जायचं. तालिब नावाचा नवाबचा चुलतभाऊ इथं लोकांची अंगं खरखरीत पिशवीनं घासून देई. त्यानं कुंडलिकच्या हाती कोमट पाण्यानं भरलेलं तांब्याचं तसराळं ठेवलं आणि तिसऱ्या दाराकडे बोट केलं. पायाखालची फरशी तापलेली होती. भट्टीचा धूर फरशीखालच्या पोकळीतून आणि भिंतींतल्या भाजक्या नळ्यांतून फिरत असे. त्याची ऊब तेवढी अंगाला लागे. वास लागत नसे, डोळ्याला तर तो दिसतच नसे.

आत वाफ होती. घुमटात चांदणीच्या आकाराची भोकं आणि त्यांवर जाड काचा. त्यांतून दुपारचं ऊन सरळ कांबींसारखं खाली उतरलं होतं आणि वाफेत मध्येच विरघळत होतं. माणसं दिसत होती ती तुकड्यातुकड्यानं. एका कोपऱ्यात एक मोठं पोट. मधल्या ओट्यावर, दाराकडे पाठ करून, एक पाठ.

कुंडलिकनं त्या पाठीकडे पाहिलं आणि तो उंबऱ्यातच थांबला.

डाव्या खांद्याखाली जुवाची खीळ लागून पडलेला वण. मानेच्या मुळाशी वाटाण्याएवढी चामखीळ. ही पाठ त्याला कुणी वाफेत काय, अंधारात दाखवली असती तरी ओळखता आली असती. पावसाळ्यात घोडनदीला पाणी आलं की शाळेला जाताना याच पाठीवर बसून तो पैलतीर गाठत असे आणि मुद्दाम जड होऊन बसत असे.

त्याच्या मनात पहिल्यांदा नवाबबद्दल एक सणसणीत शिवी आली. दुसऱ्यांदा आलं ते दार. दार मागेच होतं. अजून कोणी पाहिलं नव्हतं. तो वळणार एवढ्यात छातीतली खरखर वर आली आणि तो खोकला. त्यांचे वडील जसे खोकत, तसाच: दोन छोटे आणि एक लांब.

ओट्यावरची पाठ ताठ झाली. पण वळली नाही.

म्हणजे त्यालाही कळलं. आणि त्यालाही वळायचं नव्हतं. कुंडलिक हातात तसराळं घेऊन उभा राहिला आणि सरपंचपदाच्या काळात कमावलेली सारी विवेकबुद्धी त्यानं एका जागी गोळा केली. इथं कोणाला नाव नव्हतं. मग कुंडलिक भिमाजीपुढं आधी वाकला, असं उद्या कोण म्हणू शकेल? एका पावण्यानं दुसऱ्या पावण्याच्या खांद्यावर पाणी ओतलं. हमामाची रीत. बस.

त्यानं पाणी ओतलं. खांद्यावरून, वणावरून, सावकाश.

घुमटावरून एक थेंब गळून फरशीवर वाजला.

"सेहत," पाठ म्हणाली. आणि जरा वेळानं, समोरच्या भिंतीला उद्देशून, "पावणं कुठलं?"

"घोडनदीकाठचं," कुंडलिक म्हणाला आणि तसराळं पालथं घालून थोडं अंतर राखून बसला. "तुमी?"

"मी बी तिकडलाच. पर लई लांबचा."

"किती लांब?"

"दोन बांध वलांडून."

कोपऱ्यातलं पोट हसलं. "नाव सांगायची बंदी हाय, पर मी आळेफाट्याचा. ट्रकवाला. कांदा उतरवला नि कंबर धरली. तुमी कशापायी आलात, पावणं?"

"माझ्या लेकीचं लगीन हाय," कुंडलिक म्हणाला. तो ट्रकवाल्याशी बोलत होता. आवाज मात्र जरा गरजेपेक्षा मोठा होता. "समदं जमलंय. पर एक थोरला भाऊ हाय. त्यो बोलत न्हाई."

"का?"

"बैलगाड्यात कर्ण्यावर त्याचं नाव आलं न्हाई. वीज गेली. आता वीज काय माझ्या सांगण्यावरनं जाती का?"

"वीज कुणाचंच ऐकत न्हाई," ट्रकवाल्यानं मान्य केलं. "मंग त्या भावाला कळलं न्हाई, वीज गेली ते?"

इथं ओट्यावरचं पावणं खाकरलं. "कळलं असंल की."

"तुमाला काय ठावं?" कुंडलिक म्हणाला.

"ठावं न्हाई. अंदाज. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी सांगितलं असंल. पर तवर त्याचं रुसून झालं असंल ना, राव! साऱ्या घाटादेखत बैल सोडून आलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून 'चुकलं बरं का' म्हनत कसा जाईल? लोक हसत्यात. त्यो वाट बघत बसला असंल."

"कशाची?"

"धाकट्यानं यावं, थोडी मनधरणी करावी. एक-दोनदा तरी. म्हंजी मग नको नको म्हनत उठता येतं."

घाटातून परतल्यावर कुंडलिक स्वतः दोन दिवस अंगणात बसून होता. थोरला येईल, शिव्या देईल, आणि मग दोघं मिळून पुकारणाऱ्याला शिव्या देतील, अशी वाट बघत. थोरल्याच्या ओट्यावर आपली कुणीतरी अशीच वाट बघत असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"माझा बी एक भाऊ हाय," ओट्यावरचं पावणं आता ट्रकवाल्याकडे वळून म्हणालं. भावाकडे अजूनही पाठच होती. "धाकटा. सरपंच झाला. सत्काराला समद्या गावाला बोलावलं, मला न्हाई."

"बोलावलं व्हतं!" कुंडलिक म्हणाला आणि लगेच सावरला. "म्हंजी, बोलावलं असंल. चिठ्ठी कुणाच्या तरी हाती दिली असंल."

"थोरल्या भावाला चिठ्ठीनं बोलावत्यात व्हय?"

"न्हाई," कुंडलिक म्हणाला. "न्हाई बोलावत. गाढवपणा केला त्यानं."

"लई," पावण्यानं समाधानानं दुजोरा दिला.

ट्रकवाला मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय पर एकेक भाऊ पदरी पडल्यात तुमच्या! यांचा थोरला रुसूबाई, तुमचा धाकटा शिष्ट. त्या दोघांना धरून एका जुवाला जुंपायला पायजे नि नांगराच्या मागं आपण व्हायचं."

दोन्ही पावण्यांनी हे ऐकून घेतलं.

"त्या माझ्या धाकट्यानं छाती दाखवली का कुणाला?" ओट्यावरचं पावणं एकाएकी म्हणालं. "थंडीत लई खरखरती म्हनं. पहाटं उठून शेतात पाण्याची दारं धरायला जातो अजून. या वयात."

"बघतो दाखवून," कुंडलिक म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "तुमाला कुणी सांगितलं?"

"आमच्या घरनं."

"तुमच्या घरला कुणी सांगितलं?"

"बुधवारी इथं कुणी भेटलं असंल. पोरीनं पत्रिकेवरनं अडवून धरलंय, ते बी कळलं."

कुंडलिकच्या डोळ्यांसमोरची वाफ अचानक निवळल्यासारखी झाली. अंबाबाईचे गुडघे. थंडी सुरू झाली की महिन्यातून एखाद्या बुधवारी ती जुन्नरला गुडघ्यांचं औषध आणायला जाई, आणि औषध कधी घरात दिसलं नव्हतं. त्याच बुधवारी दोन बांधांपलीकडून साळुबाई, थोरली भावजय, तांबडं पातळ नेसून एसटीला उभी असलेली त्यानं कितीदा पाहिली होती. तेव्हा तो तोंड फिरवून उभा राही, म्हणून दोघी एकाच एसटीत चढतात हे त्याला कधी दिसलं नव्हतं. इतकी वर्षं दोन्ही घरांचं भांडण तो मोठ्या निष्ठेनं चालवत होता, आणि घरच्या बायका त्याच वाफेत बसून एकमेकींची पाठ घासत होत्या. आज गोरखला घरी का ठेवून घेतलं आणि थोरला नेमका आपल्याच बाजारी कसा आला, तेही त्याला आता उमगलं.

त्याला हसू आलं. पहिल्यांदा त्यानं ते खोकल्यात दडवलं, मग दडेना. ओट्यावरची पाठही हलू लागली. ती वाफेत आवाज न करता हसत होती.

"मला बी सांगा की राव," ट्रकवाला म्हणाला.

"काय न्हाई," कुंडलिक डोळे पुसत म्हणाला. वाफेत डोळे कशानं ओले झाले ते कळत नाही, ही त्या जागेची आणखी एक सोय होती. मग तो पाठीकडे न पाहता म्हणाला, "पावणं, एक इचारू? तुमी थोरले आहात म्हनून. माझ्या भावाला न इचारता त्याचं नाव पत्रिकेत वर घातलं, तर त्यो काय करंल?"

पाठीनं हातानं खांद्यावरचं पाणी निपटलं.

"न इचारता घातलं तर त्यो पत्रिका फाडंल," ती म्हणाली. "इचारलं तर न्हाई म्हनंल."

"मंग?"

"मंग पुन्यांदा इचारायचं."

"घातलं तर चालंल का?"

"न्हाई."

ट्रकवाला या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. कुंडलिकनं तसराळं उचललं, कोपऱ्यातल्या हौदातून भरून आणलं आणि पुन्हा त्या खांद्यावर रितं केलं. रीत एकदाच ओतायची होती. दुसऱ्यांदा ओतण्याला हमामात काही नाव नव्हतं.

"पुन्यांदा इचारतो. घातलं तर चालंल का?"

"लई आग्रेव करताय," पावणं कुरकुरलं. "चालंल म्हनंल बहुतेक."

बाहेरच्या थंड खोलीत तिघंही आले तेव्हा नवाब चहाचे पेले घेऊन उभा होता. त्याच्या तोंडावर तोच निरागसपणा होता. माणसांनी कपडे चढवले. खुंटीवरून सदरा आला, धोतर आलं, फेटे हाती आले आणि फेट्यांबरोबर नावंही परत आली. भिमाजी आणि कुंडलिक समोरासमोरच्या ओट्यांवर बसले. आता वाफ नव्हती. दोघांनी आपापल्या पेल्यात खोल पाहिलं.

"नवाबभाई," भिमाजी पेल्याला म्हणाला, "आत एक पावणं भेटलं व्हतं. मानूस बरा वाटला. त्याला माझा निरोप दे. म्हनावं, नाव छापायचं तर नुसतं 'भिमाजी' नको. वडलांच्या नावासकट घालावं. वडलांचं राहून गेलं तर वाईट दिसतं."

नवाबनं मान कुंडलिककडे वळवली. जणू निरोप पोहोचवायला त्याला बरंच चालावं लागणार होतं.

"नवाबभाई," कुंडलिक म्हणाला, "त्या थोरल्या पावण्याला म्हनावं, छापखान्यात त्यांनीच यावं. काय चुकलं-माकलं तर तिथल्या तिथं सांगता येईल. उद्या सकाळी मंचरला."

"सकाळी न्हाई जमायचं म्हनावं. दारं धरायची असत्यात. दुपारी."

"दुपारी, म्हनावं."

ट्रकवाला धोतर आवळत उभा राहिला. त्यानं दोघांकडे कौतुकानं पाहिलं. "तुमी दोघं किती शान्यासारखं बोलता, राव! तुमचे ते भाऊ असे कसे निघाले? खरं सांगतो, एकदा त्या दोघांना इथं आना. मी येतो. दोन शब्द मी बी सुनावीन."

"आनतो," कुंडलिक म्हणाला.

"लग्नाला या, तिथंच भेटतील," भिमाजी म्हणाला.

ट्रकवाला खूश होऊन, खुज्या दाराला डोकं आपटून, बाहेर पडला. मागोमाग कुंडलिकही उठला. बाहेर पौषातलं वारं सुटलं होतं. बोळाच्या दुसऱ्या वळणापाशीच ते अंगाला झोंबलं. फेटा अजून काखेत होता. तो डोक्यावर चढवणार, तोच मागून आवाज आला. तो नवाबला उद्देशून नव्हता, पावण्यालाही नव्हता. आणि नऊ-दहा वर्षं न वापरता ठेवूनही त्याची धार जराही कमी झाली नव्हती.

"कुंडल्या! डोकं पूस आधी. छातीत पानी उतरंल नि भर मांडवात खोकत बसशील."

कुंडलिकच्या डोक्यावर पुसण्याजोगे केस फारसे उरले नव्हते. तरीही तो माघारी फिरला, ओट्यावर बसला आणि फेट्याच्या टोकानं डोकं पुसू लागला. थोरला समोर उभा राहून बघत होता. कानामागचं राहिलं होतं. तेही त्यानं पुसायला लावलं.